मास्तरांची सतरा मिनिटं

कागदाचा तो तुकडा एका कोपऱ्यात सुटला होता — लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तिनेच चिकटवलेला, करंगळीच्या नखाएवढा, फायलींवर लावायच्या पांढऱ्या लेबलाचा तुकडा — आणि त्या कोपऱ्याखालून कॅमेऱ्याची काळी काच अर्धवट डोळा उघडा ठेवून झोपलेल्या माणसासारखी दिसत होती. तिने तो अंगठ्याने दाबला. बसला. अंगठा काढला तर पुन्हा वर आला. पुन्हा दाबला. आपण हे दुसरं काहीतरी करायचं टाळण्यासाठी करतोय हे तिला कळत होतं, तरी ती दाबत राहिली. वहिनींचा फोन येऊन गेल्याला वीस मिनिटं झाली होती, समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती, आणि खाली रस्त्यावर रविवार असूनही — की सगळेच वार आता रविवार झाल्यामुळे — चिटपाखरू नव्हतं.

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. अडसष्ट वर्षांची, ठणठणीत आवाजाची बाई. आज तो आवाज जपून पाऊल टाकावं तसा येत होता.

"अगं, मी बोलतेय. आज पाचला आहे ना तुमचं? मी येणार आहे."

"या ना वहिनी. नक्की या."

"आणि एक काम होतं. तू ते सगळं साठवून ठेवतेस ना? हे म्हणायचे, आमच्या रेकॉर्डवालीकडे चिठ्ठीचपाटीसुद्धा हरवत नाही. तो शेवटचा रविवार... मला पाठवशील? त्यांचा आवाज ऐकायचाय गं. फोटो ढीगभर आहेत माझ्याकडे, आवाज एकसुद्धा नाही. बेचाळीस वर्षं नुसती बडबड ऐकली, साठवली कुठे?"

ती म्हणाली होती, "बघते."

बघते. काय बघते? बघायचं काही शिल्लक नव्हतं. फाईल होती, तारीख घालून, क्रमांक देऊन ठेवलेली — पाणीपुरवठा कार्यालयाच्या अभिलेख विभागात बावीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काही जमतही नाही. त्या फायलीत मास्तर होते. हलणारे, बोलणारे. आवाज तेवढा नव्हता.

आवाज तिने बंद केला होता.

बाग बंद होण्याआधी त्या अकरा जणांत तिची जागा बाकाच्या टोकाला होती — अर्धी बाकावर, अर्धी हवेत. सकाळची फेरी झाली की सगळे दोन समोरासमोरच्या बाकांवर बसत. दातांचे डॉक्टर, शिवणकाम करणारी बाई, बिस्किटांच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले आणि केवळ मिशांच्या बळावर कर्नल म्हणवले जाणारे गृहस्थ, मास्तर आणि वहिनी, आणखी चार-पाच जण. बोलणं चेंडूसारखं इकडून तिकडे जाई, आणि तिच्याकडे आलंच तर तिने तोंड उघडेपर्यंत दुसऱ्याने ते झेललेलं असे. एकटे मास्तर मधूनच हात वर करून म्हणत, "थांबा, थांबा, ती काहीतरी म्हणत होती." मग सगळे थांबत, तिच्याकडे बघत, आणि ती म्हणत असे, "नाही, काही नाही." त्यावर मास्तर आपलं सुरू करत. भूगोलाचे मास्तर, वेळ विचारली तर पृथ्वीच्या परिवलनापासून सुरुवात. "मूळ मुद्दा असा..." म्हणाले की डॉक्टर चपला घालायला लागत.

मग साथ आली, बागेच्या फाटकाला साखळी पडली, आणि त्या अकरा जणांत नेमकं तिलाच ते ठाऊक होतं — व्हिडिओ-बैठकीचा दुवा कसा पाठवायचा, माणसं आत कशी घ्यायची, चित्र उलटं दिसलं तर काय करायचं. कार्यालयाने एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं होतं, तेवढंच. पहिल्या रविवारी पाच वाजता तिच्या पडद्यावर एकेक नाव उमटत गेलं आणि प्रत्येक नावापुढे प्रश्न: आत घ्यायचं का? कुणी तिला आजवर असं काही विचारलं नव्हतं. घ्यायचं का — तिच्या मर्जीवर. आणि कबूल करायचं तर — कुणापुढे? पण कबूल करायचं तर — एखाद्याला ती मुद्दाम अर्धं मिनिट बाहेर उभं ठेवत असे. विशेषतः डॉक्टरांना. अर्धंच मिनिट. त्यात कुणाचं काय जात होतं?

यजमान, म्हणायचे सगळे तिला. "यजमान, आज काय बेत?" शब्दांचे खेळ, गाण्यांच्या भेंड्या, एकदा जुने फोटो ओळखायचे. चाळीस मिनिटं, त्यानंतर पडद्यावरचं ते फुकटचं घर आपोआप बंद व्हायचं. आठवडाभर ती त्या चाळीस मिनिटांची तयारी करी. बाहेर माणसं मरत होती, रोजचे आकडे येत होते, समोरच्या इमारतीला 'प्रवेश बंद'ची पट्टी लागून निघून पुन्हा लागली होती, आणि तिला... हे बोलायचं नाही, पण तिला बरं चाललं होतं.

त्या रविवारी वहिनी नव्हत्या. त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि तिकडेच अडकल्या. तिथून जमेल तेव्हा येत, पण त्या दिवशी बाळाला ताप होता. मास्तर घरात एकटे, तीन महिने. पाच वाजून बावीस मिनिटांनी त्यांनी हात वर केला. खेळ रंगात आला होता.

"मला जरा एक सांगायचं होतं. मूळ मुद्दा असा—"

आणि खोकला. तो खोकला त्यांच्या फोनमधून, पुन्हा कुणाच्या तरी खोलीतून घुमून, दुप्पट होऊन आला. शिवणवाली बाई तर पडद्यावरच मागे सरकली — पडद्यावरच्या खोकल्याला! कुणीतरी लिहिलं, 'मास्तरांचा तास सुरू'. हसरे चेहरे, तीन. डॉक्टर म्हणाले, "ताई, आवरा आता."

आणि ती म्हणाली, "मास्तर, तुमचा तास आपण शाळा सुटल्यावर घेऊ हं!" आणि बटण दाबलं.

सात माणसं एकदम हसली. तिच्या बोलण्यावर. सत्तेचाळीस वर्षांत तिच्या बोलण्यावर एकाच वेळी सात माणसं कधी हसली नव्हती. ते हसणं तिच्या अंगातून कोमट पाण्यासारखं उतरत गेलं, आणि त्या कोमटपणात ती मास्तरांना विसरली.

विसरले... नाही. विसरले नव्हते मी. उजवीकडे खालच्या चौकटीत त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी पाहत होते. मनात म्हटलं, बोलू दे. बोलून समाधान होतं त्यांचं, ऐकायला कोण लागतं?

बुधवारी खालच्या मजल्यावरच्या माणसाने मास्तरांचं दार ठोठावलं, मग तोडलं. शनिवारी ते गेल्याचा निरोप आला. गेल्या रविवारी सगळ्यांनी आपापल्या चौकटीत दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली — उभं राहिल्यावर कुणाचेच चेहरे दिसेनात, नुसती पोटं आणि सदऱ्याची बटणं — आणि बसल्यावर कुणीतरी, कुणी ते आता आठवत नाही, विचारलं, "मग... खेळायचं का थोडं?" खेळले.

आज बारा वाजता तिने कर्नलना फोन लावला.

"वहिनींना तो रविवार हवाय."

पलीकडे कर्नलनी घसा साफ केला. "मग? सांगा की, झालं नाही रेकॉर्ड म्हणून. मशीनचं काय, कधी होतं, कधी नाही."

"त्यांना ठाऊक आहे मी सगळं ठेवते."

"ताई, हे बघा. त्या बिचारीला काय दाखवणार तुम्ही? नवरा तोंड हलवतोय आणि आपण दात काढतोय? मेल्या माणसाचं काही भलं होणार आहे का त्याने?" आणि वेगळ्याच, स्टोअरच्या खिडकीमागून बोलावं अशा आवाजात, "आणि तुम्ही एकट्या नव्हतात तिथे. सगळे होतो. तेव्हा जरा विचार करा सगळ्यांचाच."

विचार ती करतच होती. 'वहिनी, त्या दिवशी नेटवर्क इतकं खराब...' 'वहिनी, फाईल उघडतच नाहीये...' कपडे वाळत घालता घालता, पाव भाजता भाजता वाक्यं जुळवत होती, मोडत होती. एकेक वाक्य सरळ, धुतलेलं, निर्दोष. वहिनी कुठल्याही वाक्यावर विश्वास ठेवतील याचीच भीती वाटत होती.

दोनच्या सुमारास तिने फाईल उघडली.

दोन आठवड्यांत उघडली नव्हती. नऊ चौकटी. वरच्या ओळीत ती स्वतः — केस नीट विंचरलेले, गळ्यात ती निळी माळ... आणि चेहऱ्यावर काय ते! तिला आपला चेहरा ओळखू येईना. गुबगुबीत, तृप्त, पंगतीत पहिल्या ओळीला बसलेल्या माणसाचा चेहरा. "शाळा सुटल्यावर घेऊ हं!" हशा. आणि खाली उजवीकडे मास्तर.

ते बोलत होते. आवाज बंद झाल्याची पडद्यावर आलेली सूचना त्यांनी वाचली नसावी. चष्मा कपाळावर चढवलेला होता. आधी हसले — इतरांबरोबर, तिच्या विनोदावर — आणि मग बोलू लागले. त्यांनी तळहात छातीवर ठेवला. बोलताना ठेवायचेच ते, नद्यांबद्दल बोलतानासुद्धा... पण उचलला नाही. चार-पाच शब्द, मग थांबणं. थांबले की खांदे वर जात आणि खाली येत, विहिरीतून पोहरा ओढावा तसे. पुन्हा चार-पाच शब्द. तिने चित्र थांबवलं, मागे नेलं, ओठांकडे पाहिलं. 'रात्री' असावं. की 'खात्री'? 'दम'? की 'तुम्ही'? आपल्याला हवं ते वाचता येतं ओठांवर, आणि नको तेच जास्त. वरच्या ओळीत तेवढ्यात ती कुणाला तरी गुण देत होती.

बटण दाबल्यापासून अकराव्या मिनिटाला शिवणवाली बाई म्हणाली, "पुढच्या रविवारचं कोण बघणार?"

कर्नल म्हणाले, "मी बघतो. काळजी करू नका. सगळं करतो मी."

मास्तर बोलायचे थांबले. मान वाकडी करून ऐकलं. त्यांना सगळ्यांचे आवाज ऐकू येत होतेच. एवढंच की त्यांचा कुणाला येत नव्हता. मग त्यांनी मान हलवली, अंगठा वर केला — डॉक्टरांनी शिकवलेला तो अंगठा — आणि खुर्चीला पाठ टेकली. उरलेली सहा मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. तोंड किंचित उघडं ठेवून, श्वास घेत, निवांत हसत बसून राहिले. काम झालेल्या माणसासारखे.

तिने लॅपटॉप मिटला. स्वयंपाकघरात गेली, परत आली. न्हाणीघरात गेली, नळ सोडला, बंद केला. त्यांना उत्तर मिळालं होतं. त्यांनी विचारलं आणि त्यांना उत्तर मिळालं — काळजी करू नका, सगळं करतो मी — आणि ते रविवारची संध्याकाळ, सोमवार, मंगळवार वाट बघत राहिले, कारण आपली माणसं बघतायत.

किंवा नद्यांबद्दलच बोलत असतील. असतीलही. कोण सांगणार?

पाच वाजता तिने कॅमेऱ्यावरचा तो तुकडा काढला आणि नावं उमटू लागली. आत घ्यायचं का — आत घ्यायचं का — तिने पटापट सगळ्यांना घेतलं. डॉक्टरांनासुद्धा. वहिनी सगळ्यात शेवटी आल्या, लेकीच्या घरातल्या कुठल्यातरी खोलीत, मागे बाळाची दुपटी वाळत घातलेली. किती लहान झाल्या होत्या! केस मागे बांधलेले, डोळे कॅमेऱ्याच्या जरा खाली, सगळ्यांचे चेहरे शोधत.

"कसे आहात सगळे?" त्याच म्हणाल्या.

कुणीतरी काहीतरी म्हणालं. मग वहिनींनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मी तुमचे आभार मानायला आलेय. आणि एक विचारायला. त्या रविवारी संध्याकाळी ह्यांचा फोन आला होता मला. खुशीत होते. म्हणाले, आज मी सगळ्यांना सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं सगळ्यांनी. एक माणूस मध्ये बोलला नाही गं! मी म्हटलं, नवलच झालं." त्या हसल्या. कुणीच हसलं नाही. "सोमवारी आवाज जरा जड वाटला. मी म्हटलं, दम लागतोय का? तर म्हणाले, मी सांगितलंय तिकडे, ते बघतायत, तू बाळाकडे बघ. म्हणून मी... तुम्ही सगळे होतात, म्हणून मी निर्धास्त राहिले. तर मला एवढंच विचारायचंय, त्यांनी तुम्हाला नक्की काय सांगितलं होतं? बरं नसल्याचं बोलले होते का?"

नऊ चौकटींत पंख्याचा, कुकरचा, दूरच्या टीव्हीचा आवाज येत राहिला.

आधी डॉक्टर बोलले. "छे, छे, वहिनी. तसं बोलले असते तर मी सोडलं असतं का? मजेत होते. शाळेतले जुने किस्से सांगत होते."

"हो ना," शिवणवाली बाई म्हणाली, मांडीवरच्या कापडाकडे बघत. "छान बोलले बाई. कुठलीशी सहल गेली होती म्हणे..."

"नदीकाठची," कर्नल म्हणाले. "एक पोरगं चिखलात रुतलं होतं. पोट धरून हसलो आम्ही. तब्येतीचं अवाक्षर नाही, वहिनी. आम्हाला काय कल्पना?"

बघता बघता ती सहल उभी राहिली. कुणी तिला बस दिली, कुणी पाऊस दिला, कुणी हरवलेली चप्पल. प्रत्येक जण आपापला तुकडा आणून ठेवत होता, आणि ती माणसं वाईट नव्हती. कर्नलांचे डोळे खरोखर भरून आले होते. तिला दिसत होतं, आता आपण एक वाक्य बोललो की झालं. छप्पर बसलं. पावसापाण्याची चिंता नाही.

वहिनी ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला — सैल पडेल असं वाटत होतं तिथे आवळत गेला.

"म्हणजे माझ्याशी खोटं बोलले," वहिनी म्हणाल्या.

"अहो, तसं नाही—"

"तसंच. तुम्हाला सांगितलं नाही, आणि मला सांगितलं की सांगितलं म्हणून." आवाज पुन्हा पूर्वीसारखा ठणठणीत झाला होता, पण कडेला चिरलेला. "बेचाळीस वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली नाही त्या माणसाने. शेजाऱ्याने सांगितलेलं गुपितसुद्धा मला येऊन सांगायचा. आणि शेवटी एवढी मोठी गोष्ट लपवली! का? मी आले नसते का? चालत आले असते मी! असा कसा हो वागला हा माणूस माझ्याशी?"

डॉक्टर खाली बघत होते. तिने पाहिलं — त्या एका क्षणात तिला अगदी लख्ख दिसलं — की सगळ्यांचं ओझं उतरलं होतं आणि ते मास्तरांच्या अंगावर जाऊन पडलं होतं, आणि ते उतरवायला मास्तर नव्हते.

"वहिनी," ती म्हणाली.

"काय गं?"

"त्यांनी लपवलं नाही."

"ताई," कर्नल घाईने म्हणाले, "तुमचा आवाज तुटतोय—"

"तुटत नाहीये." तिला आपलाच आवाज इतर आठ खोल्यांतून घुमून येताना ऐकू आला. "वहिनी, ते सांगत होते. आम्ही... सांगते मी तुम्हाला. इथे नको. फोन करते."

वहिनींनी तिच्याकडे — म्हणजे पडद्यावर ती जिथे असेल तिथे — पाहिलं. "उद्या?"

"आत्ता."

"कर," वहिनी म्हणाल्या. "मी बसलेय."

तिने सगळ्यांसाठी सभा बंद केली. पाच वाजून अठरा मिनिटं. लगेच फोन वाजला: कर्नल. तिने घेतला नाही. मग डॉक्टर. तोही नाही. मग वाजायचा थांबला, आणि उन्हाचा एक लांबट पट्टा टेबलावरून घसरत जमिनीवर उतरला.

बावीस वर्षं ती कागदांवर लिहीत आली होती: नोंद घेण्यात आली. जोडणी तोडण्यात आली. अर्ज निकाली काढण्यात आला. कोण काढतं, कोण तोडतं, याला त्या भाषेत जागाच नव्हती. कामं आपोआप होत असत, पाऊस पडावा तशी. दुपारपासून जुळवलेली सगळी वाक्यं त्याच घरातली होती. आवाज बंद करण्यात आला होता, वहिनी. आता फोन हातात धरून तिने ते वाक्य सरळ करून पाहिलं. मी बंद केला. तीन शब्द. त्यात ती हसलेली सात माणसं मावत नव्हती, तो खोकला मावत नव्हता, कर्नल मावत नव्हते. आणि ते सगळं मावलंच पाहिजे असंही वाटेना.

वहिनी ओरडतील, रडतील, तुझ्या तोंडाला काळं म्हणतील — ते तिने मनात पुन्हा पुन्हा सोसून पाहिलं होतं, आणि सोसेल असं वाटत होतं. पण त्या तसं करणार नाहीत. एकदम कळलं तिला. त्या थोड्या थांबतील, नाक पुसतील आणि म्हणतील, "जाऊ दे गं, तुला काय ठाऊक." पहिल्या तीन शब्दांवरच म्हणतील. आणि मग त्या रविवारचं ते कोमट पाणी, माणसांना बाहेर उभं ठेवल्याची ती अर्धी अर्धी मिनिटं, ऐकायला कोण लागतं असं मनात म्हटलेलं... हे सगळं कुठे ठेवायचं? पुढच्या रविवारी पुन्हा पाच वाजता केस विंचरून बसायचं?

तिने नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली, एक, दोन, आणि तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवलाय आणि मनातल्या मनात विनवणी करतोय — मला पूर्ण बोलू द्या, वहिनी. मध्येच माफ करू नका.